नानांच्या जीपचा पुढचा हुक

नाना आयुष्यभर ताठ मानेनं जगले, असं त्यांच्या निरोप समारंभात साहेबांनी भरल्या गळ्यानं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे ती मान खरोखरच ताठ झाली, पण तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी फिरकलं नाही. डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले, उजेडासमोर धरले, "वयोमानानुसार आहे" हे जगातल्या समस्त डॉक्टरांना पाठ असलेलं वाक्य म्हटलं आणि बजावलं, "नाना, यापुढे मागे वळून बघायचं नाही."

आता या वयात मागे वळून बघण्यासारखं माणसाचं असतं तरी काय, असं तुम्ही म्हणाल. समोर बघायला नानांची मान उत्तम होती. डावीकडे ती थोडी वळायची, उजवीकडे नावापुरती. मागून कुणी हाक मारली तर भिंतीपासून कपाट सरकवावं तसे नाना टप्प्याटप्प्यानं वळत, आणि तोवर हाक मारणारा निघून गेलेला असे. एवढ्यावर निभावलं असतं. पण नानांकडे एक होडी होती.

ही होडी त्यांनी स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेली. पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल म्हणून जन्म गेला, नळाचा एकेक वायसर सही घेऊन दिला. तेव्हा हाताखालून इतकं पाणी गेलं तर एकदा आपणही पाण्यावर जाऊन बघावं, असं त्यांच्या मनात आलं. गॅरेज जीपसाठी होतं. पण होडी सावलीत वाढली आणि जीप उन्हात करपली. काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, यावर फक्त एकदाच विचारलं होतं, "अहो, ही दारातून बाहेर निघेल ना?" त्यानंतर नानांनी दार काढलं आणि थोडी भिंतही.

होडी तळ्यावर न्यायची तर ती दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवायची, ट्रेलर जीपच्या मागच्या हुकाला अडकवायचा आणि निघायचं. इथपर्यंत कुणीही शहाणा होतो. खरी परीक्षा तळ्यावर. तिथे पाण्यात शिरणारा सिमेंटचा उतार आहे आणि त्यावरून ट्रेलर मागे मागे, अगदी पाण्यात नेऊन सोडायचा असतो. या ट्रेलर नावाच्या प्राण्याचा स्वभाव असा, की मागे जाताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर हा उजवीकडे जातो, उजवीकडे फिरवलं तर डावीकडे, आणि घाबरून काहीच फिरवलं नाही तर त्याच्या मनाला येईल तिकडे. त्यात नानांची मान. गेल्या हंगामात त्यांनी आरशांच्या भरवशावर ट्रेलर मागे घ्यायला काढला, तर काठावरची झाडून सगळी माणसं मदतीला धावली.

"डावीकडे घ्या, डावीकडे!"

"अहो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!"

"सोडा, सोडा, सोडा... मारा ब्रेक!"

अशा मार्गदर्शनाखाली ट्रेलर आधी दुमडला, मग जीपच्या बगलेला येऊन भिडला, आणि शेवटी काठावरच्या बोटक्लबच्या झेंडूच्या ताटव्यात दोन्ही चाकं रोवून बसला. तेव्हा काकूंचा धाकटा भाऊ पुढे झाला. "दाजी, तुम्ही उतरा," म्हणाला. एका हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद, दुसऱ्या हातात स्टिअरिंग. सफरचंद संपायच्या आत होडी पाण्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना टाळ्यांकडे पाठ करून उभे होते, आणि वळायचं म्हटलं तरी वेळ लागला असता.

त्या पराक्रमानंतर नानांची मान जी धरली, ती धरलीच. गळ्याला पट्टा, शेकायला गरम पाण्याची पिशवी, खुर्चीत पुतळ्यासारखं बसणं आणि जाणाऱ्या-येणाऱ्यावर खेकसणं. काकू मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापक होत्या. दीडशे पोरींना त्यांनी नजरेनं गप्प केलेलं. पण एक नवरा आवरेना म्हटल्यावर त्यांनी एक दिवस शांतपणे अट घातली. "पुढच्या हंगामाच्या पहिल्या रविवारी होडी पाण्यात उतरवायची. तुमची तुम्ही. ट्रेलरला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, आणि डावीकडे-उजवीकडे असं कुणाला ओरडावं लागता कामा नये. जमलं तर होडी आपली. नाही जमलं तर माझ्या भावाला देऊन टाकायची."

नाना म्हणाले, "मंजूर." असं म्हणताना पट्ट्यामुळे त्यांचा चेहरा करारी दिसला.

मेहुण्याला ही बातमी लागली मात्र, तो दर सुट्टीला येऊन होडीभोवती हिंडू लागला. होडीच्या पोटावर टिचकी मारी, कडेवरून हात फिरवी. एकदा टेप घेऊन आला आणि होडीची रुंदी मोजून गेला. स्वतःच्या फाटकातून जाते की नाही ते बघायला. निळ्या रंगाचा डबाही त्यानं आणून ठेवल्याचं काकूंच्या बोलण्यातून निसटलं. नानांची होडी पांढरी होती आणि आपण हयात असेपर्यंत ती पांढरीच राहावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मार्ग सापडला तो वाणसामानाच्या मोठ्या दुकानात. काकू पुढे, नाना मागून ट्रॉली ढकलत, हा दोघांचा तिथला कायमचा क्रम. साबणाच्या फळीपाशी काकू वळल्या, नाना ट्रॉलीसकट वळले, कुठे धक्का नाही की ओरड नाही, आणि नाना तिथेच थबकले. बाळाची गाडी आपण पुढे ढकलतो. दुकानातली ट्रॉली पुढे ढकलतो. दवाखान्यातलं स्ट्रेचरसुद्धा पुढे ढकलतात. मग ट्रेलरनंच काय घोडं मारलंय? हुक जीपच्या पुढे बसवला, ट्रेलर नाकासमोर अडकवला आणि सरळ बघत ढकलत पाण्यात नेला, तर मान हवीय कुणाला? नाना इतके हरखले की त्यांनी गरज नसताना साबणाच्या सहा वड्या ट्रॉलीत टाकल्या.

पण काकूंना हे सांगायचं कसं? अट जिंकण्यासाठी पळवाट काढली, असं त्या म्हणतील अशी धास्ती होती. म्हणून नानांनी दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. होडीचं इंजिन, पेट्रोलचा कॅन, नांगर, तरंगणारी जाकिटं हे सगळं सामान आजवर जीपमध्ये मागच्या सीटवर जायचं, आणि पेट्रोलच्या वासानं काकूंना दर खेपेला मळमळायचं. नाना म्हणाले, "पुढे एक हुक बसवून घेतो म्हणतोय. त्यात लोखंडी टोपली अडकवायची. इंजिन, पेट्रोल, सगळं बाहेर, वाऱ्यावर."

काकूंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "तुम्हाला हे आत्ता सुचलं?"

वेल्डरकडे गेल्यावर वेगळाच पेच.

"मागे ना?" वेल्डर म्हणाला.

"पुढे."

"म्हणजे मागच्या हुकाच्या पुढे?"

"अहो, पुढच्याच पुढे. नाकापाशी."

वेल्डरनं चष्मा कपाळावर सरकवला. "काका, जीप ओढते. ढकलत नाही. माझ्या हयातीत कुणी पुढे हुक मागितला नाही."

"मग तुमची हयात आता सार्थकी लागेल," नाना म्हणाले.

तो भला माणूस नाही नाही म्हणत कामाला लागला आणि एकदा लागल्यावर त्याला असा चेव आला की पुढच्या चासीला त्यानं हत्ती बांधता येईल अशी चौकोनी पोकळ नळी बसवली. या नळीत टोपलीचा दांडा सरकवायचा आणि आरपार आडवी खीळ घालायची. टोपली काढली की त्याच नळीत ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा बसतो. टोपली त्यानं इतकी ऐसपैस केली होती की तिच्यात मेहुणासुद्धा मावला असता, हे नानांनी नुसतं मनात म्हटलं.

जीप घरी आली तेव्हा वरच्या मजल्यावरचे डेंटिस्ट खाली उतरले. हे गृहस्थ दुसऱ्याच्या प्रत्येक कामात सल्ला देत आणि स्वतःच्या दवाखान्याचं गळकं बेसिन दोन वर्षं तसंच ठेवून होते. त्यांनी जीपच्या तोंडासमोर उकिडवं बसून निरखून पाहिलं. "नाना, खालचे दात पुढे आलेत. तार लावावी लागेल."

नाना हसले नाहीत.

"बरं, एक ऐका. कुलूप लावा. असली नवीन वस्तू दिसली की चोरांना राहवत नाही."

डेंटिस्टांच्या सगळ्या सल्ल्यांपैकी नानांनी नेमका हाच ऐकला. याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. भांडारपालाचा नानांचा एक नियम होता आणि तो त्यांनी सरकारी परिपत्रकाच्याही वर ठेवलेला: किल्ली मालाबरोबर प्रवास करत नाही. पहिली किल्ली भिंतीवरच्या फळीला, आपल्या खिळ्यावर. दुसरी किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे. आणि पहिली कुठे गेली हे कबूल केल्याशिवाय त्या माणसानं दुसरी द्यायची नाही, साक्षात मंत्री मागायला आले तरी. या नियमावर नानांनी तीन साहेबांना ताटकळत ठेवलं होतं आणि भांडारातला एक वायसर कधी इकडचा तिकडे झाला नव्हता. घरीही हाच नियम. दुसरं जबाबदार माणूस अर्थातच काकू. टोपलीच्या खिळीला भरभक्कम कुलूप आलं, एक किल्ली खिळ्यावर गेली, एक काकूंच्या पर्समध्ये.

"नियम माहीत आहे ना?" नानांनी विचारलं.

"झोपेत विचारा," काकू म्हणाल्या.

पहिल्या चाचणीला दोघं घाटरस्त्यानं निघाली. जीपच्या तोंडासमोर इंजिन, नांगर, कॅन आणि सगळ्यात वर जाकिटांची गाठोडी. काकूंनी खिडकी उघडून मोठा श्वास घेतला. पेट्रोलचा मागमूस नाही. "छान झालं हो हे," त्या म्हणाल्या, आणि नानांची छाती दोन इंच फुगली. अर्ध्या चढावर जीपनं मात्र धाप टाकली. काटा लाल रेघेपलीकडे गेला, बॉनेटखालून वाफ आली आणि जीप एका वळणावर फतकल मारून बसली.

नाना बॉनेट उघडून आत बघू लागले, मग खाली वाकून बघू लागले, मग वाकलेले सरळ होईनात. काकू रस्त्याच्या कडेला दगडावर बसून जीपकडे बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "तिच्या नाकासमोर चार गाद्या वाळत घातल्यात तुम्ही. श्वास कुठून घेईल बिचारी?"

खरंच होतं. जाकिटांनी जाळी पार झाकली होती, रेडिएटरला वारा मिळत नव्हता. नाना काही बोलायच्या आत काकूंनी बाह्या सावरल्या आणि सगळी टोपली रिकामी केली. दीडशे पोरींच्या ट्रंका एका खोलीत बसवणारी बाई ती. नांगर तळाला, मधोमध. इंजिन आडवं, एका कडेला. कॅन दुसऱ्या कडेला, पट्ट्यानं आवळून. जाकिटं मागच्या सीटवर. मधली जाळी मोकळी, दिवे मोकळे. नाना कमरेवर हात ठेवून, वाकलेलेच, बघत राहिले. नोकरीत त्यांनी असली मांडणी करणारा एक मदतनीस जन्मभर शोधला होता आणि तो घरात पोळ्या लाटतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. "वा," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मनापासून.

दिव्यांचा प्रश्न मिटला हे बरंच झालं. निघतानाच डेंटिस्ट म्हणाले होते की इंजिनामागे एक दिवा लपल्यामुळे जीप डोळा मारतेय आणि वरच्या मजल्यावरच्या बायका बिचकतायत. पण नंबरची पाटी अजून टोपलीमागेच होती. परतताना चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली, टोपलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि हे आपल्या अकलेपलीकडचं आहे असं म्हणून त्यांना वाहन निरीक्षकाच्या कार्यालयात पिटाळलं.

निरीक्षकानं जाडजूड पुस्तक काढलं, पुढे चाळलं, मागे चाळलं.

"मागच्या हुकाबद्दल सगळं आहे," तो म्हणाला. "पुढच्याबद्दल अवाक्षर नाही."

"म्हणजे चालेल?"

"तसं नाही म्हणता येणार."

"म्हणजे चालणार नाही?"

"तसंही नाही म्हणता येणार. नियमाला हे माहीतच नाही."

"मग सांगा ना नियमाला!" नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला. आपणही खुर्चीत बसून लोकांना असंच बोलायचो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि तो उतरला.

निरीक्षक बाहेर आला. टोपली हलवून पाहिली, खीळ ओढून पाहिली, नळीवर बूट ठेवून वजन टाकलं. मग म्हणाला, "पाटी टोपलीच्या पुढे लावा. दिवे असेच मोकळे ठेवा. मी हिला 'टोपली' म्हणून पास करतो." नानांना ते लागलं. वेल्डरची हयात, आपलं डोकं, काकूंची मांडणी, आणि सरकारदरबारी नाव काय, तर टोपली! पण गरजवंताला अक्कल नसते, असं मनाशी म्हणून त्यांनी जीप सुरू केली. निघताना निरीक्षक खिडकीशी वाकला आणि हळूच विचारता झाला, "यानं होडीचा ट्रेलर ढकलता येईल का हो?"

नानांनी शेजारी बसलेल्या काकूंकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. काकू समोर बघत होत्या. "येत असावा," नाना म्हणाले.

"पहिल्या रविवारी मीही तळ्यावर असतो," निरीक्षक म्हणाला. "गेल्या वर्षी माझा ट्रेलर... जाऊ द्या."

घर आल्यावर काकू उतरता उतरता म्हणाल्या, "ढकलायचाच आहे तर सराव करा. नुसत्या टोपलीवर अट जिंकता येत नाही." नाना चाट पडले. बाईला सगळं ठाऊक होतं, साबणाच्या सहा वड्या आल्या तेव्हापासून.

मग पाणीपुरवठ्याच्या मोकळ्या आवारात रोज सराव. ट्रेलर जीपच्या नाकासमोर, नाना स्टिअरिंगवर, काकू स्टुलावर, हातात थर्मास. पुढे ढकलतानाही ट्रेलर फसवतोच, पण फसवताना डोळ्यांसमोर दिसतो. जरा भरकटला की जरा सावरायचं, एवढंच. पहिल्या दिवशी नानांनी कंपाउंडचा एक खांब वाकवला, दुसऱ्या दिवशी तोच खांब दुसऱ्या बाजूनं सरळ केला. पुढे पुढे ट्रेलर असा चालू लागला की काकूंनी जमिनीवर ठेवलेल्या दोन चपलांच्या मधून तो अलगद जाई. चपला काकूंच्याच होत्या. त्या वाचल्या, यावरून नानांच्या हाताची कल्पना यावी.

पहिला रविवार उजाडला. तळ्यावर ही गर्दी. उतारावर होड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीतून एकेक मुंडकं मागे वळलेलं. नाना आले तेव्हा मेहुणा उताराच्या तोंडाशी सफरचंद खात उभा होता. हाताशी निळ्या रंगाचा डबा. निरीक्षकही बायकोपोरांसह हजर. जीपच्या तोंडावरची टोपली पाहून रांगेत खसखस पिकली.

नानांनी कुणाकडे पाहिलं नाही, आणि त्यासाठी त्यांना काही कष्टही पडले नाहीत. मोकळ्या जागेत थांबले. ट्रेलर मागच्या हुकातून सोडवला, त्याच्या नाकाखालचं छोटं चाक टेकवलं. जीप वळवून ट्रेलरच्या समोर आणली. काकूंनी टोपलीतलं सामान उतरवून कडेला शिस्तीत मांडलं. आता टोपली काढायची, गोळा बसवायचा, की झालं. नाना खिळीपाशी वाकले. खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग तसेच वाकलेले राहिले.

किल्ली घरी होती. विसरली नव्हती हो, तेच तर दुःख! नियमानं होती तिथेच होती, भिंतीवरच्या फळीला, आपल्या खिळ्यावर. किल्ली मालाबरोबर प्रवास करत नाही. नानांनी सकाळी निघताना फळीकडे समाधानानं एक नजरही टाकली होती.

"काय झालं, दाजी?" मेहुणा जवळ आला. "अडकलं का? राहू द्या. मागच्या हुकाला लावा परत, मी घेतो उतरवून. निळा रंग सोबतच आणलाय."

रांग थांबलेली, लोक टाचा उंचावून बघत होते, निरीक्षक चार पावलं पुढे आला होता. घरी जाऊन यायचं तर दुपार होणार, आणि तोवर होडी निळी. दुसरी किल्ली दहा हातांवर, काकूंच्या पर्समध्ये होती. पण दुसरी किल्ली मिळायची तर आधी पहिलीचं कबूल करायला हवं. तेही इतक्या माणसांत. आणि काकूंनी ती द्यावी तरी का? नुसतं गप्प राहिलं की अट त्या जिंकत होत्या. मानेचे शेक, पट्टा, खेकसणं, सगळं एका फटक्यात भावाच्या घरी जात होतं.

काकू सामानापाशी उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून. काही बोलत नव्हत्या. बोलायच्याच नव्हत्या, नियम त्यांना झोपेतही पाठ होता.

नाना टप्प्याटप्प्यानं सरळ झाले, टप्प्याटप्प्यानं वळले. "अगं," ते म्हणाले, आणि मग लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पहिली किल्ली मी घरी ठेवली. माझ्याच नियमानं ठेवली. नियम चुकला."

मागे कुणीतरी हसलं. काकूंनी तिकडे एकदा पाहिलं, वसतिगृहातल्यासारखं, आणि हसणं जागच्या जागी थांबलं. मग पर्स उघडून त्यांनी किल्ली काढली.

"ताई!" मेहुणा म्हणाला. "तू देतेस?"

"मागितली, कारण सांगितलं, मग देणार नाही तर काय," काकू म्हणाल्या. "आणि नियम चुकला नाही. म्हणून तर ही इथे आहे."

कुलूप निघालं. टोपली निघाली. गोळा बसला, ट्रेलर नाकासमोर आला. नाना स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी समोर पाहिलं. समोर त्यांची पांढरी होडी, तिच्यापलीकडे उतार, त्यापलीकडे पाणी. सगळं डोळ्यांपुढे. जीप हळूच पुढे निघाली. ट्रेलर जरा डावीकडे कलला, नानांनी जरा सावरला. कुणी ओरडलं नाही, कारण ओरडण्यासारखं काही घडतच नव्हतं. झेंडूचा ताटवा बाजूनं गेला, ट्रेलरची चाकं पाण्यात शिरली, होडीचा मागचा भाग उचलला गेला, आणि एका क्षणी ती ट्रेलरवर टेकलेली नव्हती, तरंगत होती. उतारावर अशी शांतता पसरली की मेहुण्याचं सफरचंद चावणं ऐकू आलं. मग तेही थांबलं.

नानांनी ब्रेक दाबला आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की होडी सुटली म्हणजे सुटलीच. दोर कुणाच्याच हातात नाही. सरावाच्या आवारात पाणी नव्हतं, तेव्हा हा प्रश्न आलाच नव्हता! होडी वाऱ्यानं निघाली, दिमाखात, एकटीच, तळ्याच्या मध्याकडे. नाना जीपमध्ये, पाय ब्रेकवर, आणि हात लावायचा नाही अशी अट मेहुण्याच्या तोंडून ऐकलेले सगळे लोक हात मागे बांधून उभे.

तेवढ्यात बाजूनं काकू आल्या. चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरल्या, आणखी एक पाऊल टाकलं आणि पाण्यात लोंबणारा दोर पकडला. होडीनं एक हिसका दिला. काकू हलल्या नाहीत. होडी मुकाट्यानं वळून काठाला आली.

"ताई, हात लागला!" मेहुणा ओरडला. "अट मोडली!"

"अट मी घातली होती ना?" काकू पाण्यातूनच म्हणाल्या. "मग मोडणारही मीच. तुझा डबा घरी ने आणि फाटक रंगव."

यावर टाळ्या पडल्या. निरीक्षकानं सगळ्यात आधी सुरुवात केली आणि नंतर वेल्डरचा पत्ता मागायला आलेल्या माणसांत तोच पहिला होता. त्याच्या मागे मेहुणाही उभा असलेला नानांनी पाहिला, पण न पाहिल्यासारखं केलं. हे त्यांना मानेमुळे सहज जमे.

नाना जीपमधून उतरून पाण्याच्या काठाशी आले. काकू दोर धरून उभ्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, एक चप्पल वाहून गेलेली.

"तुला होडी नको होती ना?" नानांनी विचारलं.

"होडी नको असं कुणी म्हटलं?" काकू म्हणाल्या. "दुखण्यानं तुमचं तोंड वाकडं होतं ते नको होतं. आता उभे काय राहिलात? धरा, हात भरून आला माझा."

नानांनी दोर धरला. त्यांना काहीतरी मोठं, चांगलं बोलायचं होतं. जन्मभराच्या नोकरीत त्यांनी कुणाचं एवढं मोठं देणं मानलं नव्हतं. पण शेवटी ते खिशात हात घालून म्हणाले, "ही दुसरी किल्ली. मी म्हणतो, नियम बदलूया. एक माझ्याच खिशात असू दे, म्हणजे पुन्हा अशी वेळ यायला नको."

काकूंनी त्यांच्या हातातून किल्ली घेतली, ओल्या हातानंच पर्समध्ये टाकली आणि पर्स मिटली.

"काही बदलायचं नाही," त्या म्हणाल्या. "पहिली तुमच्या खिळ्यावर, दुसरी माझ्याजवळ. चाललंय ते चांगलं चाललंय. बसा होडीत."